कोलंबियाचे आमदार

एका कागदावर त्रेसष्ट चेहरे आहेत. प्रत्येक चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, शेजारच्याला खेटून चिकटवलेला. कोट, कडक कॉलर, बो-टाय. कुणाला भरघोस दाढी, कुणी अगदी कोवळा. बहुतेक काळे, थोडे गोरे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात यादवी युद्धानंतर जे विधिमंडळ निवडून आलं, त्यातले हे ‘रॅडिकल’ आमदार. हे जोडचित्र त्या काळी मुद्दाम छापून वाटलं गेलं. त्याच्यामागे जो मजकूर असे, त्याचा आशय असा: या ६३ जणांपैकी ५० निग्रो किंवा मिश्रवर्णीय, १३ गोरे. लिहिता-वाचता येणारे २२; उरलेले ४१ दुसऱ्याच्या मदतीने सहीऐवजी खूण करतात. कर भरणारे १९, आणि त्या सगळ्यांचा मिळून कर १४६ डॉलर १० सेंट. आणि हे सभागृह राज्यातल्या गोऱ्यांवर ४० लाख डॉलरचा कर बसवतं.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. सर्वसाधारण सभेची, स्थायी समितीची इतिवृत्तं लिहिणं, ठरावांच्या नकला काढणं, हे माझं काम. सभासदांचे फोटो दर पाच वर्षांनी निघायचे, मधल्या खुर्चीत अध्यक्ष, मागे रांगा. पण फोटोच्या मागे कुणी सभासदांच्या शिक्षणाचा आणि घरपट्टीचा हिशेब लिहून तो गावोगाव वाटल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. हा कागद कुणी आणि कशासाठी केला असेल, या एका प्रश्नाने मला या विषयात ओढलं. मुलगी आणि जावई कोलंबियात राहतात. कोलंबिया ही साउथ कॅरोलिनाची राजधानी. नातवाच्या निमित्ताने माझं तिथे जाणं होतं, आणि दुपारी घर शांत झालं की मी वाचत बसते. इतिहासाचं शिक्षण नाही. जे हाताला लागलं ते वाचत गेले, आणि बराच काळ मला काही म्हणजे काही कळेना.

सगळ्यात आधी पक्षांनी घोटाळा केला. आजच्या टीव्हीवरच्या बातम्या डोक्यात ठेवून एकोणिसाव्या शतकात शिरलं की पायाखालची जमीन सरकते. तेव्हाचा रिपब्लिकन पक्ष म्हणजे लिंकनचा पक्ष, सुटका झालेल्या गुलामांचा पक्ष. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे मळेवाल्यांचा, जुन्या मालकांचा. कृष्णवर्णीय माणूस रिपब्लिकनांना मत देई आणि त्यासाठी मार खाई. हे वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, तरी पुढे दोन-चार पानं वाचली की मन पुन्हा उलट्या दिशेला जाई.

मग सभागृहांचा घोळ. राज्याला स्वतःची राज्यघटना, स्वतःचं हाऊस, स्वतःचं सिनेट. वॉशिंग्टनलाही हाऊस आणि सिनेट. आणि माणसं तीच, या घरातून त्या घरात जाणारी. रॉबर्ट ब्राउन एलियट हा वकील १८६८ साली राज्याच्या हाऊसमध्ये आमदार. पुढे वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये. तिथे जानेवारी १८७४ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकावर त्याचं भाषण देशभर गाजलं. समोर बसले होते अलेक्झांडर स्टीफन्स, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेचे एके काळचे उपाध्यक्ष. आणि त्याच वर्षी हा माणूस काँग्रेसची जागा सोडून परत कोलंबियाला आला, आमदार झाला, स्पीकर झाला. आपल्याकडे खासदारकी सोडून कुणी आमदारकीला आला तर लोक विचारतील, काय बिनसलं? एलियट आला तो आपल्याच पक्षाच्या राज्यकारभारात शिरलेली लाचखोरी निपटायला. हे वाचल्यावर मी त्याचा चेहरा भिंगाखाली धरून नीट पाहिला.

हे विधिमंडळ आलं कुठून, हे समजायला थोडं मागे जावं लागलं. साउथ कॅरोलिना हे देशातून फुटून निघणारं पहिलं राज्य, २० डिसेंबर १८६०. युद्ध हरल्यावर १८६५ मध्ये तिथे जे विधिमंडळ बसलं ते सगळं गोऱ्यांचं. त्यांनी लगेच ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे केले. सुटलेल्या गुलामाने शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर न्यायाधीशाकडून परवाना घ्यायचा. दुकान घालायचं तर वर्षाला १०० डॉलर, सुतार-लोहारासारख्या कारागिराला १० डॉलर. करारात मालकाला ‘मास्टर’ आणि मजुराला ‘सर्व्हंट’ म्हणायचं. गुलामगिरी गेली आणि तिचे कागद तेवढे बदलले, असा तो प्रकार. वॉशिंग्टनच्या काँग्रेसला हे सहन झालं नाही. १८६७ च्या कायद्यांनी दक्षिणेत लष्करी देखरेख आली, कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं आणि नव्या राज्यघटना लिहिण्याचा हुकूम सुटला.

१८७० च्या शिरगणतीत साउथ कॅरोलिनाची लोकसंख्या सुमारे ७ लाख ५ हजार; त्यात ४ लाख १५ हजारांवर कृष्णवर्णीय. दहातले जवळजवळ सहा. मत मिळताच हाऊसच्या १२४ जागांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्याकडे आल्या. अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. सिनेटमध्ये मात्र गोरेच जास्त, गव्हर्नरही गोरा. थॉमस होल्ट या इतिहासकाराने १९७७ च्या आपल्या पुस्तकात मोजदाद मांडली आहे: १८६७ ते १८७६ या काळात राज्यातून निवडून आलेल्या ४८७ जणांपैकी २५५ कृष्णवर्णीय. निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर कमीच. आणि तरीही सगळीकडे ओरड एकच, की ‘निग्रोंचं राज्य’ आलं!

पहिली बैठक ६ जुलै १८६८ ला भरली ती जेनीज हॉल नावाच्या इमारतीत, कारण खरं स्टेट हाऊस अर्धवट होतं. ते आज पूर्ण आहे, ग्रॅनाइटचं, घुमटाचं. पण पूर्ण व्हायला १९०७ उजाडलं. फेब्रुवारी १८६५ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्याच्या तोफांचे गोळे त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतींवर जिथे लागले, तिथे ब्राँझचे तारे बसवले आहेत. सहा तारे. मी खाली उभी राहून ते मोजले. आवारात वेड हॅम्प्टनचा अश्वारूढ पुतळा आहे, बेन टिलमनचा पुतळा आहे. या दोघांनी त्या विधिमंडळाचं काय केलं ते पुढे येईलच. ज्यांचं केलं त्यांच्यातल्या कुणाचा स्वतंत्र पुतळा शोधत मी आवाराला फेरी मारली. आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं एक मोठं स्मारक आहे, २००१ सालचं, आणि ते चांगलं आहे, त्याच्यासमोर मी बराच वेळ होते. पण स्पीकर एलियट कुठे दिसला नाही.

पुस्तकांनी तर आणखी गोंधळात टाकलं. जेम्स पाइक हा उत्तरेकडचा पत्रकार, ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा, गुलामगिरीच्या विरोधात लिहिणारा. १८७३ मध्ये तो कोलंबियाला आला, गॅलरीत बसला, आणि पुढच्या वर्षी त्याचं ‘द प्रोस्ट्रेट स्टेट’ हे पुस्तक निघालं. त्यात हे सभागृह म्हणजे गलका, हशा, शेंगा खाणारे सभासद, अडाण्यांचा बाजार. देशभर ते पुस्तक खरं मानलं गेलं. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट आला. त्यात हेच सभागृह दाखवलंय: टेबलावर पाय, हातात बाटल्या, आणि पाटी येते की १०१ काळे विरुद्ध २३ गोरे. काळ्या सभासदांची संख्या प्रत्यक्षात कधीच शंभरावर गेलेली नाही. हा चित्रपट व्हाइट हाऊसमध्ये दाखवला गेला तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते वुड्रो विल्सन, आणि विल्सन यांचं पोरवयातलं काही वर्षांचं घर कोलंबियातच आहे, याच विधिमंडळाच्या काळातलं. आज त्या घरात याच कालखंडाचं संग्रहालय आहे. राष्ट्राध्यक्षाच्या घरात राष्ट्राध्यक्षापेक्षा या आमदारांची गोष्ट जास्त सांगितली जाते, याचं मला फार समाधान वाटलं.

पण वाचताना प्रश्न तसाच राहिला. पाइक डोळ्यांनी पाहून लिहितो. दुसरी पुस्तकं म्हणतात की याच सभागृहाने राज्याला पहिल्यांदा सार्वजनिक शाळा दिल्या. खरं काय?

मग मी ज्याची मला सवय आहे तिकडे वळले: इतिवृत्ताकडे. हाऊसची जर्नलं छापलेली आहेत, जाडजूड खंड. प्रार्थना, हजेरी, आदल्या दिवसाचं इतिवृत्त वाचून कायम, अर्ज, समित्यांचे अहवाल, विधेयकाचं पहिलं वाचन, दुसरं, तिसरं, नावनिशी मतदान. नदीवर नावेचा ठेका, पूल, रस्ता, एखाद्या चर्चच्या संस्थेची नोंदणी, एखाद्या आगबंब कंपनीला मान्यता. कंटाळा येईल इतकं नियमित. माझ्या जिवात जीव आला. नियमावली हातात घेऊन बसलेली, हरकतीचे मुद्दे काढणारी सभा मी वर्षानुवर्षं पाहिलेली आहे. गॅलरीतून पाहणाऱ्याला ती गलकाच वाटते. तिचा ठराव लिहून काढणाऱ्याला तिची शिस्त दिसते. आणि गंमत म्हणजे, पाइकलासुद्धा ते दिसलं होतं. तो मान्य करतो की या लोकांना सभेचे नियम पाठ आहेत, आणि त्यांच्या वागण्यात एक कळकळ आहे जिच्यामुळे कामकाजाला एक प्रकारची प्रतिष्ठा येते. त्याच्या पुस्तकातलं हे वाक्य कुणी उचललं नाही. शेंगा मात्र उचलल्या.

आता त्या फोटोमागच्या हिशेबाकडे. ४१ जणांना सही येत नाही, असा आरोप. साउथ कॅरोलिनात १८३४ चा कायदा होता: गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा. कायदा करणारं विधिमंडळ हेच, कोलंबियाचंच. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच विधिमंडळात ती माणसं निवडून आली आणि त्यांना विचारलं गेलं, तुम्हाला वाचता का येत नाही? आणि कर? ज्याच्या अंगावरचं कातडंसुद्धा १८६५ पर्यंत दुसऱ्याच्या नावावर होतं, त्याच्याकडे तीन वर्षांत करपात्र जमीन कुठून येणार? हे माझ्या लक्षात आलं तेव्हा संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. आकडे जसेच्या तसे खरे धरले तरी जो हिशेब फोटोच्या मागे लिहिलाय, तो या त्रेसष्ट जणांच्या नावे नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या बापजाद्यांच्या नावे आहे.

आणि या लोकांनी सत्ता मिळाल्यावर पहिलं काम काय केलं? १८६८ च्या चार्ल्सटनच्या घटनापरिषदेत रॉबर्ट स्मॉल्सने सक्तीच्या, मोफत, सर्वांसाठी खुल्या शाळांचा ठराव आणला. नव्या घटनेने मतासाठी मालमत्तेची अट काढली, कर्जासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं, लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता राखता येईल अशी तरतूद केली. विल्यम व्हिपर या सदस्याने बायकांनाही मत द्या म्हणून त्याच परिषदेत भाषण केलं. ते कुणी मानलं नाही. पण पुढच्याच वर्षी रोलिन बहिणींपैकी एक, कृष्णवर्णीय बाई, हाऊसच्या सभागृहात उभी राहून मताधिकारासाठी बोलली. १८६९ साली! मी तो सनावळीचा आकडा पुन्हा पुन्हा तपासला. १८७६ पर्यंत सरकारी शाळांत सव्वा लाखाच्या आसपास मुलं होती, काळी आणि गोरी दोन्ही. गोऱ्या गरिबांच्या बऱ्याच पोरांनाही पहिल्यांदा फळा दिसला तो या ‘अडाणी’ आमदारांमुळे. याच विधिमंडळाने भूमी आयोग नेमला, मोठे मळे विकत घेऊन त्यांचे तुकडे भूमिहीनांना हप्त्यावर द्यायला. ‘प्रॉमिस्ड लँड’ नावाची वस्ती त्यातूनच उभी राहिली आणि आजही आहे.

या माणसांतला एक मला विसरता येत नाही. प्रिन्स रिव्हर्स. ब्युफर्टच्या एका मालकाच्या घरी गाडीवान, गुलाम. चोरून वाचायला शिकलेला. युद्ध सुरू झाल्यावर पळून उत्तरेच्या फौजेत गेला आणि मुक्त गुलामांच्या पहिल्या पलटणीत, फर्स्ट साउथ कॅरोलिना व्हॉलंटियर्समध्ये, सार्जंट झाला. १ जानेवारी १८६३ ला पोर्ट रॉयलच्या छावणीत मुक्तीचा जाहीरनामा वाचला गेला तेव्हा पलटणीचं निशाण ज्यांच्या हाती दिलं त्यांतला हा एक. पुढे घटनापरिषदेचा सदस्य, मग १८६८ ते १८७४ हाऊसमध्ये आमदार. १८७१ मध्ये एकेन हा नवा जिल्हा बनला त्यात त्याचा मोठा वाटा. मग हॅम्बर्ग गावात न्यायदंडाधिकारी. ८ जुलै १८७६ ला त्याच हॅम्बर्गमध्ये गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीय रक्षक तुकडीवर हल्ला केला. सहा कृष्णवर्णीय मारले गेले, काहींना तर पकडून उभं करून गोळ्या घातल्या. ज्या वादातून हे पेटलं तो खटला रिव्हर्सच्याच न्यायालयात होता. सत्ता गेल्यावर प्रिन्स रिव्हर्सने काय केलं? एकेनमध्ये पुन्हा गाडी हाकली. १८८७ मध्ये तो वारला. गुलाम गाडीवान, सार्जंट, आमदार, न्यायाधीश, गाडीवान. एवढा सगळा प्रवास पन्नास-साठ वर्षांच्या एका आयुष्यात बसतो हे मला पेलेना. मुलगी म्हणाली, “आई, तू जेवताना पण त्याच्याबद्दलच बोलतेस.” बोलणारच.

बेंजामिन रँडॉल्फला तर एवढंही मिळालं नाही. युद्धात पलटणीचा धर्मगुरू, मग घटनापरिषदेत, मग राज्याच्या सिनेटमध्ये. १६ ऑक्टोबर १८६८ ला हॉजेस नावाच्या स्टेशनवर आगगाडीत चढताना भर दिवसा त्याला गोळ्या घातल्या. विधिमंडळ भरून चार महिनेही झाले नव्हते. कोलंबियात त्याच्या नावाची दफनभूमी आहे, रँडॉल्फ सेमेटरी. त्या काळातले आणखी आठ कृष्णवर्णीय आमदार तिथेच पुरलेले आहेत.

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केलेली आहे, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मला एवढ्या वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं की त्या वर्षी ते मुक्त झालेले लोक काय करत होते हे पाहावं. ते कोलंबियात कायदे करत होते. त्या वर्षी हाऊसच्या स्पीकरच्या खुर्चीत सॅम्युअल ली बसला होता, राज्याचा पहिला कृष्णवर्णीय स्पीकर. खजिनदार होता फ्रान्सिस कार्डोझो. सर्वोच्च न्यायालयावर होता जोनाथन राइट. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला; पुढच्याच महिन्यात साउथ कॅरोलिनाच्या विद्यापीठात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने नाव घातलं, आणि तो होता राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट हेन्री हेन. आपल्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात तेव्हा लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता, सगळे सरकारने नेमलेले. इथे आठ वर्षांपूर्वीपर्यंतचे गुलाम निवडून येऊन अंदाजपत्रक मंजूर करत होते. फुल्यांची कृतज्ञता किती जिवंत गोष्टीबद्दल होती हे मला कोलंबियात बसून कळलं.

लाचखोरीचं काय? ती होती. हे टाळून पुढे जाणारी पुस्तकं मला आवडली नाहीत. छपाईच्या कंत्राटांत पैसा खाल्ला गेला, रेल्वे कंपन्यांनी मतं विकत घेतली, फर्निचरच्या बिलांत घोटाळे झाले, भूमी आयोगातसुद्धा भाव फुगवून जमिनी घेतल्या गेल्या. १८७२ पर्यंत स्पीकर असलेला आणि मग गव्हर्नर झालेला फ्रँकलिन मोझेस याचं नाव त्यात सगळ्यात काळं, आणि तो गोरा. कृष्णवर्णीय सभासदही त्यात होते. स्मॉल्सला १८७७ मध्ये छपाईच्या कामात ५ हजार डॉलर घेतल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. तोवर न्यायालयापासून सगळं विरोधकांच्या हातात गेलेलं होतं, आणि १८७९ मध्ये त्याला माफी मिळाली ती एका देवाणघेवाणीत: निवडणुकीतल्या गुन्ह्यांसाठी डेमोक्रॅटांवर जे केंद्राचे खटले होते ते मागे घ्यायचे. मी माझ्या नोकरीत लाच खाणारे पाहिले, न खाणारेही पाहिले. लाच खाल्ली म्हणून माणसाला पाडतात, निलंबित करतात, तुरुंगात टाकतात. त्याच्या संपूर्ण जातीचा मताधिकार काढून घेत नाहीत. त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहरात ट्वीड या पुढाऱ्याच्या टोळीने कोट्यवधी डॉलर खाल्ले. तिथल्या गोऱ्या मतदारांना मत देता येऊ नये असं कुणी म्हणालं नाही. माझं मत या एका ठिकाणी पक्कं झालं: या आमदारांचा गुन्हा त्यांचे दोष हा नव्हताच. ते त्या खुर्च्यांवर बसले, हा होता. सगळ्यात जास्त भीती बहुधा त्यांच्यातल्या चांगल्यांचीच होती, शाळा काढणाऱ्यांची, लाचखोरी निपटायला परत येणाऱ्या एलियटची.

शेवट कसा झाला तो भाग मी वहीत आकृती काढून समजून घेतला. १८७६ ची निवडणूक. डेमोक्रॅटांकडून वेड हॅम्प्टन गव्हर्नरपदासाठी उभा, त्याच्यामागे लाल सदरे घातलेल्या, बंदुका घेतलेल्या घोडेस्वारांच्या टोळ्या. एजफील्डमध्ये तर प्रौढ पुरुष होते त्यापेक्षा जास्त मतं पडली. मतमोजणी मंडळाने एजफील्डच्या ५ आणि लॉरेन्सच्या ३ जागा मान्य केल्या नाहीत. २८ नोव्हेंबरला हाऊस भरलं. रिपब्लिकन म्हणाले, आठ जागा वगळून ११६ सदस्य, आम्ही ५९, गणपूर्ती झाली, आणि ई. डब्ल्यू. एम. मॅकीला स्पीकर निवडलं. डेमोक्रॅट म्हणाले, सदस्य १२४ च, ५९ म्हणजे गणपूर्ती नाही, आम्ही ६४. आणि बाहेर जाऊन विल्यम वॉलेसला स्पीकर निवडलं. गणपूर्तीवरून अडलेल्या सभा मी खूप पाहिल्या, पण इथे राज्यच अडलेलं होतं. ३० तारखेला डेमोक्रॅट घुसून सभागृहात आले. वॉलेस व्यासपीठावर बसला. मॅकी आला, त्याने खुर्ची मागितली, वॉलेसने नाकारली. मग मॅकीनेही शेजारी खुर्ची टाकली. दोन स्पीकर, दोन हातोडे, दोन सभागृहं, एकच दालन. एकाचा सदस्य बोलायला उठला की दुसरा स्पीकर त्याला नियमबाह्य ठरवी. चार दिवस आणि चार रात्री कुणी जागा सोडली नाही; तिथेच खाणं, तिथेच जमिनीवर झोपणं. ४ डिसेंबरला डेमोक्रॅट बाहेर पडले, पण तेवढ्याने काही सुटलं नाही. दोन गव्हर्नर, दोन हाऊस असं राज्य हिवाळाभर चाललं. १० एप्रिल १८७७ ला नवे राष्ट्राध्यक्ष हेज यांनी स्टेट हाऊसमधले सैनिक काढून घेतले आणि हॅम्प्टन आत गेला. त्याच वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थी आलेलं ते विद्यापीठ बंद करण्यात आलं. एलियटची वकिली पुढे चालली नाही. १८८४ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला गरिबीत वारला.

तरी मतदान एकदम थांबलं नाही, हे मला नवीन होतं. ब्युफर्टसारख्या भागांतून कृष्णवर्णीय आमदार येत राहिले. ते पुरतं बंद करण्यासाठी १८९५ मध्ये बेन टिलमनने नवी घटनापरिषद भरवली. मताला साक्षरतेची अट: घटनेचा परिच्छेद वाचून दाखवा, किंवा वाचून दाखवलेला समजला असं नोंदणी अधिकाऱ्याला पटवून द्या. अधिकारी अर्थात गोरा. त्या परिषदेत फक्त सहा कृष्णवर्णीय होते, पाच ब्युफर्टचे, एक जॉर्जटाऊनचा. ब्युफर्टच्या पाचांत रॉबर्ट स्मॉल्स होता. हाच तो स्मॉल्स, जो गुलाम असताना मे १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरातून ‘प्लँटर’ ही लष्करी बोट कुटुंबासकट पळवून, किल्ल्यांच्या तोफांखालून, उत्तरेच्या आरमाराकडे घेऊन गेला होता. पुढे त्याने ज्या घराच्या आवारात तो गुलाम म्हणून जन्मला, ते मालकाचं ब्युफर्टचं घर करवसुलीच्या लिलावात विकत घेतलं. परिषदेत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर बंदीचं कलम आलं तेव्हा तो उठला आणि त्याने उपसूचना मांडली: कृष्णवर्णीय बाईशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला कुठलंही सरकारी पद मिळू नये. सभागृह अस्वस्थ झालं, उपसूचना पडली. शेवटी नव्या घटनेवर सह्या करायची वेळ आली. स्मॉल्सने सही करायला नकार दिला. सही नाही तर प्रवासभत्ता नाही, असं निघालं, तेव्हा तो म्हणाला की या कागदावर सही करण्यापेक्षा मी चालत घरी जाईन. कोलंबियापासून ब्युफर्ट दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

१९०२ नंतर त्या विधिमंडळात एकही कृष्णवर्णीय सभासद उरला नाही. कृष्णवर्णीय इतिहासकार डु बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहून या आमदारांची बाजू मांडली तेव्हाही नव्हता. त्याच डु बॉइसना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र पाठवलं, तेव्हाही नव्हता. १९७० च्या निवडणुकीत तीन जण निवडून आले: आय. एस. लीव्ही जॉन्सन, जेम्स फेल्डर आणि हर्बर्ट फील्डिंग.

माझं वाचन अजून १८७३-७४ च्या अधिवेशनातच आहे. स्पीकर ली खुर्चीत आहेत, शाळांच्या कराचा विषय चाललाय, आणि नावनिशी मतदानाची यादी पानाच्या दोन रकान्यांत आहे. ती मी फोटोखालच्या नावांशी ताडून पाहते आहे, कोण परत निवडून आला आणि कोण नाही. रिव्हर्सचं नाव सापडलं.